सहाशेआठ नंबर

पुण्याहून आलेल्या पोरानं रिक्षावाल्याला विचारलं,
स्केट पार्कला जायचंय.
त्यानं आणून सोडलं पार्क चौकात.
त्याची तरी काय चूक?

मग कुणीतरी त्याला माझ्या दुकानात धाडलं.
बेअरिंग, बेल्ट, ग्रीस, मागाचे जुने सुटे भाग.
काखेत फळी, फळीवर परक्या गावाची चित्रं,
घामानं डबडबलेला.
मी म्हटलं, बस बे, पाणी पी.
पार्क नाही आपल्याकडं.
हौद आहे.

विडी घरकुलाच्या अलीकडं डावीकडं वळ,
भिंतीवर चादरीची अर्धी पुसलेली जाहिरात दिसंल.
कुत्रं भुंकंल, चावत नाही.
पत्रा सरकवून आत जा.
सूत रंगवायचा कारखाना होता, बंद पडला.
हौद गळ्याइतका खोल,
आणि कोपरे गोल घोटलेले,
रंग साचू नये म्हणून.
घोटणाऱ्या गवंड्याला काय माहीत,
चाळीस वर्षांनी त्या गोलाईवरून
कीर्तना वडनाल भिंत चढणार आहे.

मालक म्हणतो, दिवाळीनंतर प्लॉट पाडणार.
पोरं म्हणतात, दिवाळी लांब आहे.

तिची फळी मोडक्या हातमागाची,
वर पॉलिश पेपर चिकटवलेला.
ट्रक तौहीदच्या अब्बांनी वेल्डिंग करून दिले.
ट्रक म्हणजे चाकाची दांडी, हे मला उशिरा कळलं;
आधी वाटलं, पोरं मालवाहतूक काढतायत.
चाकं कुरिअरनं आली.
बेअरिंग माझं, सहाशेआठ नंबर,
आत आठ मिलीमीटर, बाहेर बावीस.
पहिल्यांदा मागायला आली तेव्हा विचारलं,
कुठल्या मशीनला?
म्हणाली, मला.

दुपारी तिकडं कुणी फिरकत नाही.
सिमेंटला हात टेकला की भाकरी.
सहानंतर जमतात.
नळाला पाणी यायच्या दिवशी आणखी उशिरा,
चौथ्या दिवसाचं पाणी, आधी घागरी.
कीर्तनाची आई सूप मांडीवर घेऊन काठावर बसते,
हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत मान वर करत नाही,
तरी तिला बरोबर कळतं.
पडतावे! ओरडते.
कुंपणापलीकडून श्रीशैलचा काका, बीळ्ती नोडु!
तौहीद आधीच हसत, गिरी, गिरी!
पडायला इथं सगळ्या भाषा आहेत.
उठताना कुणी काही बोलत नाही,
नुसत्या फळ्या आपटतात काठावर,
तीन वेळा.

पुण्याचं पोरगं उतरलं.
हेल्मेट, गुडघ्यांना टोप्या, सगळं रीतसर.
पहिल्याच भिंतीला आडवं.
उठलं तर कोपर निळं.
घाबरून बघत राहिलं, मुका मार म्हणतात तो हाच का.
कीर्तना म्हणाली, काय नाही बे, रंग आहे तो.
पडलं की लागतोच.

सगळे हसले. मला जमलं नाही.
माझा बाप ह्याच हौदात सूत बुडवायचा.
पांढऱ्या भातात त्याची निळी बोटं.
वारला तेव्हा आंघोळ घालताना
चुलत्यानं त्याची नखं काथ्यानं घासली,
मग माझ्याकडं बघितलं, आणि सोडून दिलं.
मी समजत होतो
तो रंग त्याच्याबरोबर गेला.

भिंतीत होता.

पोरगं तीन दिवस राहिलं.
जाताना आपली जुनी चाकं तौहीदला देऊन गेलं,
आणि माझ्याकडून चार बेअरिंग घेतली,
म्हणालं, तिकडं महाग मिळतात.
मी भाव कमी केला नाही. धंदा आहे.

परवा रात्री लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
कानात दडे बसावेत तसं झालं.
चांदणं होतं.
खाटेवर पडल्या पडल्या लांबून ऐकू आलं:
घर्रर वर,
मग थोडा वेळ काहीच नाही,
मग घर्रर खाली.

मागचं डावं चाक कोरडं पडलंय तिचं.
सकाळी तेलाची बुधली घेऊन जातो.